कोलेस्टेरॉलची गोळी : रिपोर्ट नॉर्मल आला की बंद करायची का?

पानकळा

औषधाच्या दुकानात, सोसायटीच्या कट्ट्यावर, घरच्या व्हॉट्सॲप गटात एक प्रश्न सतत कानावर येतो. "एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) १५८ होतं, गोळी घेतली, तीन महिन्यांत ८४ आलं. आता थांबवू का?" ताप उतरला की तापाची गोळी थांबवतो, तोच हिशेब इथे लावला जातो.

माझं मत सरळ आहे. थांबवू नये. ८४ हा आकडा गोळी पोटात असतानाचा आहे. विहिरीवर पंप चालू आहे म्हणून पाणी तळाशी दिसतंय. पंप बंद केला की झरे आपलं काम करणारच. स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, थांबवल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत एलडीएल मूळ पातळीकडे परत जातं.

हे एवढंच सांगून लोकांचं समाधान होत नाही, कारण त्यामागे खऱ्या शंका असतात: पाय दुखतात, लिव्हर बिघडेल, शुगर वाढेल, डोस जास्त आहे का. म्हणून हा धागा. एक विनंती, इथे 'आमच्या मामांना असं झालं' नको. आकडे, डोस, कुठे चुकतं आणि का चुकतं, हे लिहा.

औषधपेटी

चांगला विषय. दुकानाच्या काउंटरच्या या बाजूने दिसणारी सर्वांत मोठी चूक आधी सांगतो, कारण ती कुणी लिहीत नाही.

कॅप्सूलमध्ये काय आहे हे लोकांना माहीत नसतं. इकोस्प्रिन-एव्ही म्हणजे ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन, दोन्ही एकत्र. ७५/१० मध्ये १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन, ७५/२० मध्ये २०. 'गोल्ड' असेल तर त्यात क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं आणखी एक औषधही आलं. यातून तीन घोटाळे होतात.

पहिला, ही कॅप्सूल चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी वेगळी सुरू होते. दोन नावं, औषध एकच, डोस दुप्पट.

दुसरा, दात काढायचा म्हणून 'रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद' असं कळतं आणि पेशंट कॅप्सूल बंद करतो. स्टॅटिनही गेलं. दात काढून झाल्यावर कॅप्सूल परत सुरू करायची राहूनच जाते. (स्टेंट असलेल्यांनी तर ॲस्पिरिनसुद्धा हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये.)

तिसरा, फक्त कोलेस्टेरॉल वाढलेल्या, हृदयाचा काही त्रास नसलेल्या माणसाने शेजाऱ्याची स्ट्रिप दाखवून तीच मागणं. त्याला ॲस्पिरिनची गरज नसते, आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मात्र विनाकारण वाढतो. स्टॅटिन शेड्यूल एच मधली आहेत, चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि मागूही नयेत.

स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा.

चाफेकळी

+१. वाचनखूण साठवली. शब्दाच्या शेवटी 'स्टॅटिन' असेल तर ते याच गटातलं, हेही लक्षात ठेवायला सोपं.

रक्तनमुना

रिपोर्ट वाचण्यातली गोची सांगते.

बऱ्याच प्रयोगशाळांत एलडीएल मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. सूत्र असं: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा (ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, भागिले ५). ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, आणि त्याच्या आधीच, २०० पासून पुढे, ते एलडीएल कमी दाखवू लागतं.

उदाहरण घ्या. एकूण २३०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ३५०. एलडीएल आलं २३० - ४० - ७० = १२०. माणूस म्हणतो, थोडंसंच जास्त आहे. आता नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून बाकी सगळं कोलेस्टेरॉल, काढा: २३० - ४० = १९०. हे अजिबात थोडंसं नाही. आपल्याकडे पोट सुटलेलं, शुगर काठावर, ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी हा नमुना फार दिसतो, त्यामुळे नॉन-एचडीएलकडे बघायची सवय लावाच. त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. नॉन-एचडीएलसाठी उपाशी राहायचीही गरज नाही. ट्रायग्लिसराइडच फार वाढलेलं असेल तर मात्र १०-१२ तास उपाशी राहून पुन्हा तपासावं.

आणखी एक. रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा सगळ्यांना एकच असते. स्टेंट घातलेल्या माणसाला ९५ एलडीएल 'नॉर्मल' नाही, पण कागदावर तारांकित चिन्ह येत नाही. बहुतेक गोळ्या तिथेच बंद होतात.

सह्यकडा

रक्तनमुना यांचा शेवटचा मुद्दा हाच या धाग्याचा गाभा आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेली लक्ष्यं अशी: कमी जोखीम असलेल्यांना एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह, रक्तदाब अशी जास्त जोखीम असलेल्यांना ७० च्या खाली, हार्ट ॲटॅक, स्ट्रोक होऊन गेलेल्या अतिजोखमीच्या लोकांना ५५ च्या खाली. धागाकर्तीच्या उदाहरणातलं ८४ एखाद्याला पुरेसं आहे आणि दुसऱ्याला डोस वाढवण्याचं कारण. त्याच मार्गदर्शनात लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच एक आनुवंशिक कण, आयुष्यात एकदा तरी तपासा असं म्हटलं आहे. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर जोखीम वाढलेली धरतात.

एवढा आग्रह का? दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक बाकी जगापेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, हे इंटरहार्ट या अनेक देशांत झालेल्या अभ्यासात दिसलं. आणि स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की एलडीएल सुमारे ३९ ने उतरलं की हार्ट ॲटॅक, स्ट्रोक यांसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. १९९४ मध्ये ४४४४ हृदयरुग्णांवर सिमव्हास्टॅटिनची चाचणी झाली, त्यात एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर 'कोलेस्टेरॉल उतरवून खरंच काही होतं का' हा वाद डॉक्टरांपुरता मिटला.

भुईमूग

पण म्हणून १४० दिसलं की लगेच गोळी? तीन महिने आहार-व्यायाम करून बघायला काय हरकत आहे? मला गोळीची घाई पटत नाही.

सह्यकडा

भुईमूग, हरकत नाही, पण कुणाला ते बघावं लागतं. एलडीएल १४०, वय ३८, बीपी-शुगर नाही, तंबाखू नाही, घरात कमी वयात हार्टचा त्रास कुणाला नाही: तीन महिने जरूर द्या. तूप-लोणी, वनस्पती तूप आणि बेकरीचे पदार्थ कमी करणं, रोज १० ग्रॅमच्या आसपास इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, वजन उतरवणं, यातून एलडीएल साधारण १०-१५ टक्के खाली येऊ शकतं. १४० चं १२०-१२५ होईल.

पण एलडीएल १९० किंवा जास्त असेल तर वाट बघू नये. ते खाण्यामुळे क्वचितच होतं, बहुतेकदा आनुवंशिक असतं. टाचेच्या मागच्या शिरेवर गाठी, पंचेचाळिशीच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरी कडा, या खुणा बघाव्यात, आणि भावंडं-मुलांचीही तपासणी करावी. हार्ट ॲटॅक होऊन गेलेल्यांनाही 'आधी पथ्य, मग गोळी' लागू नाही. दोन्ही त्याच दिवसापासून.

अधेमधे असलेल्यांना कॅल्शियम स्कोअरचा (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा) सीटी स्कॅन उपयोगी पडतो. स्कोअर शून्य आला तर गोळी काही वर्षं लांबवता येते. मधुमेही, तंबाखू घेणारे आणि घरात लवकर हार्टचा इतिहास असलेले सोडून.

भुईमूग

हे विभाजन मान्य. 'पथ्य की गोळी' असा सरसकट वाद घालण्यात अर्थ नाही.

माटोळी

अवांतर: घाण्याच्या तेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं. कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतं, मग ते शेंगदाण्याचं असो, करडईचं असो की खोबरेल. पाहायचं असतं संतृप्त चरबीचं प्रमाण. खोबरेल तेलात ते ८० टक्क्यांच्या वर आहे. आम्हां गोव्याच्या, कोकणच्या लोकांना हे ऐकायला कडू लागतं, पण हुमणातला (माशांच्या कढीतला) नारळ आणि खोबरेलात तळलेलं रोज, यांत फरक करावा.

लेस्टरकर

इकडे यूकेत आकडे मिलिमोलमध्ये येतात, घरी फोनवर सांगताना गोंधळ होतो. आपल्याकडचा मिलिग्रॅमचा आकडा काढायला ३८.६७ ने गुणा. एलडीएल १.८ म्हणजे ७०, १.४ म्हणजे ५५. इथे हार्टचा त्रास नसलेल्यांना दहा वर्षांतली जोखीम क्यूरिस्क नावाच्या गणकावर काढतात (त्यात दक्षिण आशियाई वंशाची वेगळी नोंद होते) आणि ॲटोरव्हास्टॅटिन २० ने सुरुवात करतात. हार्ट ॲटॅक झालेल्यांना सहसा ८०. पुण्याच्या डॉक्टरांनी ४० दिलं आणि इथे ८० लिहिलं म्हणून कुणीतरी चुकलं असं नाही.

एक प्रश्न. २० ने उतरत नसेल तर डोस वाढवणं बरं की दुसरी गोळी जोडणं?

औषधपेटी

लेस्टरकर, इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो. डोस दुप्पट म्हणजे परिणाम दुप्पट नाही. दर दुपटीला एलडीएल साधारण सहाच टक्के आणखी उतरतं, वरच्या डोसला त्याहूनही कमी.

२००३ च्या स्टेलर या तुलनात्मक अभ्यासात ॲटोरव्हास्टॅटिन १०, २०, ४०, ८० ने घट आली अनुक्रमे ३७, ४३, ४८ आणि ५१ टक्के. म्हणजे १६० एलडीएलचं १० मिलिग्रॅमवर १०१ होईल, २० वर ९१, ४० वर ८३ आणि ८० वर ७८. आठपट औषध, फायदा आणखी २३ चा.

आता १० मिलिग्रॅमला इझेटिमाइब १० जोडा. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं रोखतं, वाट वेगळी आहे. उरलेल्या १०१ मधून आणखी वीस टक्के गेले, म्हणजे ८० च्या आसपास. ॲटोरव्हास्टॅटिन ४० आणि ८० च्या मधलं काम दोन छोट्या डोसांत झालं.

रोसुव्हास्टॅटिन मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जास्त जोरदार आहे: १० ने सुमारे ४६ टक्के, २० ने ५२. त्यामुळे 'ॲटोरवा ४० वरून रोसुवा २० वर आणलं म्हणजे डोस निम्मा केला' हा समज चुकीचा.

सह्यकडा

औषधपेटींशी थोडी असहमती. हार्ट ॲटॅक झालेल्यांना आधी स्टॅटिनचा जोरदार डोसच द्यावा, कारण सर्वांत भक्कम पुरावा त्याच्या मागे आहे. सोसत नसेल किंवा लक्ष्य गाठलं नाही तर इझेटिमाइब. छोटे दोन डोस ही वाट प्राथमिक प्रतिबंधाला (म्हणजे हार्टचा त्रास अजून न झालेल्यांना), वयस्करांना, स्नायूंच्या तक्रारी असलेल्यांना चांगली.

रोसुव्हास्टॅटिनबद्दल एक भर: आशियाई लोकांच्या रक्तात त्याची पातळी गोऱ्या लोकांच्या साधारण दुप्पट आढळते. अमेरिकेतल्या औषधपत्रकात आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमने सुरुवात करा असं लिहिलेलं आहे. किडनी फार मंद असेल, क्लिअरन्स (किडनीची रक्त गाळण्याची गती) ३० च्या खाली, तर डायलिसिस नसलेल्यांना १० च्या वर जाऊ नये.

औषधपेटी

मान्य. मी प्राथमिक प्रतिबंध डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं.

घाटमाथा

पाय दुखण्यावर कुणीतरी नीट लिहा. गोळी सोडण्याचं पहिलं कारण तेच असतं.

सह्यकडा

लिहितो, सविस्तर.

स्टॅटिनमुळे होणारी स्नायुदुखी ओळखायची खूण अशी: दोन्ही बाजूंना, मोठ्या स्नायूंत, म्हणजे मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर चार ते बारा आठवड्यांत सुरू होते, थांबवल्यावर दोन-चार आठवड्यांत जाते. एकच गुडघा, एकच खांदा, सकाळी टाच टेकवताना कळ, बोटांना मुंग्या: ही बहुधा वेगळी दुखणी आहेत.

बहुतेक दुखणं गोळीचं नसतंच. आंधळ्या चाचण्यांचा (खरी गोळी कुणाला आणि बिनऔषधाची कुणाला हे रुग्णाला ठाऊक नसतं) मोठा एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त स्नायूंच्या तक्रारी स्टॅटिनमुळे नव्हत्या. सॅमसन चाचणीत गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने पिठाची गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास पिठाच्या गोळीवरही झाला. दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही, दुखत होतंच. कारण वेगळं होतं.

म्हणून क्रम असा ठेवावा. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासा, पण गड चढून आल्यावर किंवा जिममध्ये जोर काढल्यावर लगेच नाही, चार-पाच दिवस जाऊ द्या; व्यायामाने तो आपोआप वाढतो. बरोबर टीएसएच (थायरॉईडची तपासणी) बघा. थायरॉईड मंद असेल तर त्यानेच कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यानेच स्नायूही दुखतात, आणि अशा वेळी थायरॉक्सिन सुरू केल्यावर स्टॅटिनची गरज कमीही होऊ शकते. ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघा. मग दोन ते चार आठवडे गोळी थांबवा. दुखणं गेलं नाही तर गोळीचा दोष नव्हता. गेलं, तर कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने परत सुरू करा. रोसुव्हास्टॅटिन ५ दिवसाआडही चालतं, कारण त्याचं अर्धआयुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) १९ तासांच्या आसपास आहे. तेही सोसलं नाही तर इझेटिमाइब, मग बेम्पेडोइक ॲसिड १८०. हे औषध लिव्हरमध्येच कार्यरत होतं, स्नायूंत नाही. पण युरिक ॲसिड वाढवतं, गाऊट असलेल्यांनी जपून.

सीपीके कमाल मर्यादेच्या दहापट झाला, किंवा अशक्तपणा इतका की खुर्चीतून उठवत नाही, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळी त्याच क्षणी बंद आणि थेट रुग्णालय. हे फार दुर्मीळ आहे, पण घरात सगळ्यांना माहीत असावं.

चाफेकळी

उत्तम प्रतिसाद. को-क्यू-टेनच्या कॅप्सूल यावर देतात, त्याचं काय?

सह्यकडा

चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. त्या पैशांत इझेटिमाइब येईल.

औषधपेटी

खरी स्नायुदुखी अनेकदा दुसऱ्या औषधाने ओढवते. आत्ता सर्वांत जास्त काळजीचं कॉम्बिनेशन: गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल. हल्ली ते काही आठवडे चालतं. लिव्हरमध्ये ॲटोरवा आणि सिमवा ज्या एन्झाइमने निचरतात, तेच हे औषध अडवतं. सिमव्हास्टॅटिन बरोबर घ्यायचंच नाही. ॲटोरव्हास्टॅटिन २० च्या वर नाही. पोटातल्या एच. पायलोरी जंतूसाठी १४ दिवसांच्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन असतं, तिथेही हेच. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे कुणी सांगत नाही, कारण 'त्याचा याच्याशी काय संबंध'. संबंध आहे.

सिमव्हास्टॅटिन आणि ॲम्लोडिपिन (बीपीची सर्रास दिली जाणारी गोळी) एकत्र असतील तर सिमवा २० च्या वर नाही. गाऊटच्या कोल्चिसिनबरोबरही लक्ष ठेवावं. जेमफायब्रोझिल (ट्रायग्लिसराइड उतरवणारं, फायब्रेट गटातलं औषध) स्टॅटिनबरोबर नकोच. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असल्याने फायब्रेट लागलंच तर फेनोफायब्रेट. रोसुवा घेणाऱ्यांनी पातळ अँटासिड दोन तासांनंतर घ्यावं, नाहीतर गोळीचं शोषण निम्म्यावर येतं. पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीने अडचण नाही.

माटोळी

आणि पपनस? चवथीला माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या मांडवाला) बांधतो, मग घरात आठवडाभर तेच.

औषधपेटी

बरोबर जागी बोट ठेवलंत. इशारा ग्रेपफ्रूटबद्दल असतो, आणि ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचाच संकर आहे. तीच द्रव्यं पपनसातही असतात. चार फोडींनी काही होत नाही. रोज मोठे पेले भरून रस आणि सिमवा किंवा ॲटोरवाचा मोठा डोस हे टाळा. रोसुवाला ही अडचण नाही. मोसंबी, संत्री बिनधास्त.

घाटमाथा

लिव्हरसाठी दर तीन महिन्यांनी एसजीपीटी करायचं ना?

रक्तनमुना

नाही. सुरू करण्याआधी एकदा, आणि नंतर कारण असेल तर: कावीळ, गडद लघवी, भूक मरणं. अमेरिकेच्या एफडीएने नियमित तपासणीची अट २०१२ मध्येच काढली. मर्यादा ४० धरली तर १२० च्या वर, आणि तेही दोनदा आलं, तर थांबवायचा विचार. फॅटी लिव्हरमुळे एसजीपीटी ६०-७० असेल तर ते स्टॅटिन टाळायचं कारण नाही, उलट अशा माणसाला त्याची गरज जास्त असते.

लिपिडची तपासणी मात्र सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी, मग स्थिर झाल्यावर सहा महिने-वर्षाने.

लेस्टरकर

शुगर वाढते हे खरं का?

सह्यकडा

खरं आहे, थोडं. २५५ लोकांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एकाला जास्तीचा मधुमेह, असा २०१० च्या एकत्रित अभ्यासाचा हिशेब आहे. तो मुख्यतः आधीच काठावर असलेल्यांना, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ५.७ ते ६.४ मध्ये. त्यांनी वर्षाला एकदा एचबीए१सी करावं. मधुमेह आहे म्हणून स्टॅटिन सोडणं हे उलटं आहे. मधुमेह हेच स्टॅटिन देण्याचं मोठं कारण आहे.

बायकांसाठी वेगळं: मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून थांबवावं, आणि अंगावर पाजताना घेऊ नये.

पानकळा

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा हवा तसा झाला. मूळ प्रश्नाचं एक टोक राहिलं. समजा एलडीएल ३८ आलं. 'फारच कमी' म्हणून डोस उतरवायचा का? मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, असं सांगून लोक घाबरवतात.

सह्यकडा

मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, रक्तातलं एलडीएल तिथे पोचत नाही. एलडीएल खूप उतरवणाऱ्या इव्होलोक्युमॅब (पीसीएसके९ गटातलं) इंजेक्शनच्या २०१७ च्या फूरियर चाचणीत २७ हजारांवर हृदयरुग्ण होते. इंजेक्शनवाल्यांचं एलडीएल (सगळ्यांतला मधला आकडा) ३० वर आलं, आणि स्मरणशक्तीच्या वेगळ्या चाचणीत इंजेक्शनवाले आणि बाकीचे यांच्यात फरक दिसला नाही. स्टेंटवाल्या माणसाचं ३८ आलं आणि त्रास काही नाही, तर हात लावू नये. प्राथमिक प्रतिबंधात, कमी जोखमीच्या माणसाला एवढं उतरलं, तर डॉक्टरांशी बोलून डोस एक पायरी उतरवायला जागा आहे. पण उतरवल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासा. न तपासता उतरवणं आणि सोडणं यांत फारसा फरक राहत नाही. दुसरं, नव्याने गोळी सुरू नसताना, डोस तोच असताना एलडीएल अचानक एवढं घसरलं आणि वजनही उतरत असेल, तर थायरॉईड आणि लिव्हर बघावं.

भुईमूग

शेवटचा प्रश्न. रात्रीच घ्यायची का? आणि विसरली तर?

औषधपेटी

सिमव्हास्टॅटिन रात्री, कारण ते काही तासांत निचरतं आणि लिव्हर कोलेस्टेरॉल मुख्यतः रात्री तयार करतं. ॲटोरवा, रोसुवा दिवसातून कधीही, जेवणाआधी किंवा नंतर. ज्यांना रात्री टीव्हीसमोर झोप लागते त्यांनी सकाळच्या बीपीच्या गोळीबरोबर ठेवावी. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवसाची वेळ झाली असेल तर कालची सोडून द्या, दोन एकदम नको. स्ट्रिप संपायच्या आत नवी आणा, शेवटच्या तीन गोळ्या उरल्या की.